येतो

सांगलीच्या शेटे प्रिंटर्समधले पासवर्ड बंद होऊन सहा वर्षं झाली होती. आत येताना माणूस "आलो" म्हणाला की यंत्रणा आवाज ओळखून त्याच्यासाठी दार आणि संगणक उघडायची. जाताना तो काय बोलतो, तेही ती लक्षात ठेवायची आणि मगच दार उघडायची.

तिथली यंत्रं सांभाळणारे विश्राम परुळेकर मार्चमध्ये वारले. जून उजाडला तरी रोज नऊ वाजता त्यांचा संगणक सुरू होई आणि रिकाम्या खुर्चीवर पंखा फिरे. हळदीच्या पाकिटांवरच्या लेबलांचा पिवळा रंग त्यांनी जमवलेला होता, आणि त्याचं प्रमाण त्यांच्याच खात्यात अडकलं होतं. शेवटी मालकीण कुमुदिनीबाईंनी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून फरीदाला बोलावून घेतलं.

"हे खातं तू बंद का करत नाहीस?" फरीदाने यंत्रणेला विचारलं.

"परुळेकर जाताना 'येतो' म्हणाले होते."

"अगं, 'जातो' कुणीच म्हणत नाही. सगळे 'येतो'च म्हणतात."

"मग न येणारा कसा ओळखायचा?"

फरीदा कुमुदिनीबाईंकडे वळली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्पष्ट सांगितलंत तर ऐकेल ती."

तीन महिने टाळलेला शब्द कुमुदिनीबाईंनी तोंडातून काढला. "विश्राम गेले."

पंखा थांबला. पिवळा रंग मोकळा झाला आणि दुपारपर्यंत छपाई सुरूही झाली.

संध्याकाळी सवयीने "येते" म्हणत कुमुदिनीबाई दाराशी आल्या.

"नक्की?" यंत्रणेने विचारलं.

त्यांना उत्तर सुचेना, आणि उत्तराशिवाय दार उघडेना.