वीतभर फट

कासवी जाळीला नाक घासत चालली होती. खांबापर्यंत जायची, वळायची, पुन्हा उलटी यायची. जाळीच्या तळाशी तिच्या पायांनी मातीत गुळगुळीत वाट पडली होती. जाळीपलीकडे, निळ्याकाळ्या सौर पॅनेलांच्या रांगांमागे, भुसभुशीत वाळूचा उंचवटा दिसत होता. या जातीच्या साऱ्या माद्या तिथेच अंडी घालत आल्या होत्या. साऱ्या म्हणजे तरी किती, आता बोटावर मोजण्याइतक्याच.

कासवांचा अभ्यास करणारी बाई गुडघ्यांवर बसली आणि जाळीखाली हात घालून पाहू लागली. बोटही शिरेना. जाळी नुसती टेकवलेली नव्हती, चांगली खोल गाडली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात मागे जीप थांबली. प्रकल्पाचा प्रमुख उतरला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याला सगळे साहेब म्हणत आणि तिला, तिच्या पाठीमागे, कासवताई. तो मात्र नुसतं ताई म्हणे, कारण ती त्याची सख्खी मोठी बहीण होती.

"ताई, आत्ता नको. पाहुण्यांच्या गाड्या निघाल्यात. उद्घाटन होऊ दे, मग हवं तेवढं भांड."

"खाली वीतभर फट सोडतो म्हणाला होतास. भर बैठकीत, माझ्याकडे बघून."

"सोडणारच होतो. पण सुरक्षावाले म्हणाले, चोरी होईल."

"वीतभर फटीतून चोर शिरतो?"

"चोर शिरत नाही, केबल बाहेर ओढतो."

"मग केबल पुरा की! पुरायची एवढी हौस आहे तर."

"पुढच्या टप्प्यात नक्की करू. शब्द देतो."

"तुझा मागचाच शब्द अजून वापरलेला नाही. कोरा करकरीत पडलाय."

आता त्याचाही आवाज चढला. "मला काय मजा येते यात? बाबांची छाती कोळशाच्या धुराने खाल्ली. शेवटी बसूनसुद्धा श्वास मिळत नव्हता त्यांना. ही वीज बिनधुराची आहे, आणि ती मी उभी केलीय. एका कासवापायी तू..."

"बाबांना मध्ये आणू नकोस! तू झोपायचास तेव्हाही त्यांचा खोकला मी ऐकलाय. म्हणूनच चारचौघांत उभी राहून सांगितलं, हा प्रकल्प होऊ द्या. लोक म्हणाले, भावाची तळी उचलते. म्हटलं, म्हणू देत. अरे, सूर्य परत घेऊन जा असं कोण म्हणतंय तुला? जाळी वीतभर वर घे म्हणतेय!"

त्याने घड्याळात पाहिलं. मग म्हणाला, "बरं, गेट उघडायला सांगतो. उचल तिला आणि आत सोड. मिटलं."

"आणि पाण्यावर यायला ती बाहेर कशी पडणार? तुला फोन करून?"

कासवी थांबली होती. जाळीकडे पाठ करून ती सावकाश रस्त्यावर आली. पाहुण्यांना धूळ नको म्हणून पहाटे टँकरने या कच्च्या रस्त्यावर पाणी मारलं होतं, माती मऊ झाली होती. ऐन मधोमध ती थबकली आणि मागच्या पायांनी माती उकरू लागली. एकदा डावा पाय, एकदा उजवा.

"हे काय करतेय ती?"

"खड्डा. दम संपला तिचा. आता इथेच घालणार अंडी."

"रस्त्यात?"

"तू दुसरी जागा ठेवलीस कुठे?"

लांब वळणावर गाड्या दिसल्या. तो घाईने वाकला, कासवीला उचलायला. ताईने त्याच्या हातावर फाडकन चापट मारली.

"हात लावून तर बघ! आता उचललीस तर अंडी पोटातच धरून बसेल." आणि ती कासवीपुढे, गाड्यांच्या वाटेत, चिखलात मांडी ठोकून बसली.

पहिली गाडी येऊन थांबली. तिच्यामागे दुसरी, मग सगळी रांग. पुढच्या चालकाने हॉर्न वाजवला. भावाचा फोनही वाजू लागला. "हो सर," तो म्हणाला, "दोनच मिनिटं, सर." बोलता बोलता त्याची नजर खाली गेली. खड्ड्यात एक पांढरं अंडं पडलं. कासवीने मागचा पाय खाली नेला आणि ते अलगद बाजूला सरकवलं, पुढच्याला जागा करून दिली.

मागच्या गाड्यांनीही हॉर्न लावले. कासवीने मान आत ओढली. तिचा पाय तसाच हवेत राहिला.

"ऊठ, ताई," भाऊ हळू आवाजात म्हणाला.

ती उठली नाही. वर बघितलंसुद्धा नाही.

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. भाऊ गर्रकन वळला आणि दोन्ही हात पसरून गाड्यांच्या अंगावर धावून गेला.

"बंद करा ते! सगळ्यांनी! इंजिनंसुद्धा बंद! दिसत नाही? बाळंतपण चाललंय इथे!"

एकेक इंजिन बंद पडलं. मागच्या गाडीतली बडी माणसं काचा खाली करून बघू लागली. भाऊ धापा टाकत परत आला. कपाळावरची शीर तटतटली होती. बहीण आता तरी दोन शब्द बरे बोलेल, असं त्याला वाटलं असावं.

"ओरडून जाळी वर जात नाही," ती म्हणाली.

त्याच्या हातातला फोन पुन्हा थरथरला. वरिष्ठच होते. त्याने फोन कापला आणि गोदामाचा नंबर लावला.

"जाळी कापायची कात्री पाठव. हो, आत्ता. पाहुणे इथेच आहेत, माहितेय मला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तो फोनवर जवळजवळ खेकसलाच, "एक नाही रे! आहेत तेवढ्या सगळ्या!"