डावीकडे ओढणारी गाडी

गॅरेजमधला मिस्त्री गुणपाल बास गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि ओळंबा बाजूला ठेवून म्हणाला, "आता मागे ढकलू या."

तिघांनी मिळून जुनी मॉरिस मायनर मागे ढकलली. जमिनीवर खडूच्या चार फुल्या राहिल्या. गाडीच्या सांगाड्याच्या चार कोपऱ्यांतून ओळंबा सोडून बासने त्या काढल्या होत्या. त्याने एका फुलीपासून तिरक्या समोरच्या फुलीपर्यंत दोरी ताणली, तिला गाठ मारली आणि तीच दोरी उरलेल्या दोन फुल्यांवर धरली. गाठ फुलीच्या पुढे तीन बोटं गेली; दोन्ही अंतरं सारखी नव्हती.

"टायर बघितले, किंगपिन बघितली. डावं चाक उजवीकडे लावलं, तरी ओढ डावीकडेच," बास म्हणाला. "सांगाडाच वाकडा आहे, मिस. डावं पुढचं चाक मागे सरकलंय. हात सोडला की गाडी डावीकडे जाणार, ब्रेक दाबला की आणखी."

"जाणारच! कारागिरी कोणाची आहे," सोमावती अक्का म्हणाल्या. शाळेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण केगल्ल गावात सगळे त्यांना अजून मिसच म्हणत. "आमच्या या मल्लीची. देवाच्या पेटीत लोक नाणं टाकतात. याने गाडीच घातली."

बास हसला. मल्ली, म्हणजे अक्कांचा धाकटा भाऊ तिलकसिरी, तोही हसला. या गोष्टीवर तो नेहमीच हसत असे. घाटाच्या पायथ्याशी देवळाची दानपेटी होती, डाव्या हाताला, रस्त्याला लागूनच. तिथे नाणं टाकल्याशिवाय कोणी घाट चढत नसे. त्या दिवशी शेजारी वडील बसले होते. ते "थांबव" म्हणाले, त्याने ब्रेक दाबला आणि गाडी पेटीच्या भिंतीवर गेली. त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता त्याचे केस पांढरे झाले होते. गाडी अक्का चालवत, तो डावीकडे बसे. देऊळ आलं की तो उतरून जाई आणि एकाऐवजी दोन नाणी टाकी.

बासने बॉनेट उघडलं आणि आत विजेरीचा झोत टाकला.

"महत्तया, जरा इकडे या," त्याने तिलकसिरीला आदराने हाक मारली.

तिलकसिरी वाकला.

"हे पुढचं टोक चेपलंय ना, ते तुमच्या भिंतीने. रंग उडालाय, गंज चढलाय. आता त्याच्या मागे बघा. ही घडी. सांगाडा वाकलाय तो इथे. बोट लावा."

तिलकसिरीने बोट लावलं. घडी गुळगुळीत होती. हिरवा रंग तिच्या आतपर्यंत सलग गेला होता.

"भिंतीला लागली तेव्हा गाडी कुठल्या रंगाची होती?"

"हीच, हिरवी," अक्का म्हणाल्या. "त्यानंतर तिला रंग लागलेलाच नाही. का रे?"

"लोखंड दुमडलं की वरचा रंग तडकतो, मिस. हा तडकलेला नाही." बासने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हिरवा रंग थोडा खरवडला. खाली पांढरा होता, तडे गेलेला. "घडी पडली तेव्हा गाडी पांढरी होती. हिरवा वरून मारलाय. पांढरी होती तेव्हा कोण चालवायचं?"

शेजारच्या भाताच्या गिरणीचा पट्टा धपधपत होता. अक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"अप्पच्ची," त्या म्हणाल्या. वडिलांना दोघंही अप्पच्ची म्हणत. "तेव्हा दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत."

तिलकसिरी त्या पांढऱ्या ओरखड्याकडे पाहत होता.

"एकदा अनुराधपूरला एकटेच गेले होते," अक्का म्हणाल्या. "आले ते गाडी हिरवी करूनच. म्हणाले, पांढऱ्यावर धूळ फार दिसते."

बासने विजेरी बंद केली. "साखळीने खेचून सरळ करता येईल. पण आधी एकदा हात सोडून चालवायला हवी. किती ओढते ते मला मागून बघायचंय. गिरणीचं खळं रिकामं आहे. मिस, बसा."

अक्का चावी घेऊन उजव्या दारापाशी गेल्या. तिथे थांबल्या. मग चावी सीटवर ठेवून, गाडीला वळसा घालून डावीकडे जाऊन बसल्या.

"अक्का, मला आता येत नाही."

"बस मुकाट्याने. इथे ना देव आहे, ना भिंत."

तो बसला. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा गिअर कर्रकन वाजला आणि अक्का, "क्लच, मल्ली, क्लच!" म्हणून ओरडल्या. तिसऱ्यांदा गाडी खळ्यावर आली आणि चालू लागली.

"सोडा हात!" मागून बास ओरडला.

तिलकसिरीने दोन्ही हात वर केले.

गाडी थोडी सरळ गेली. मग तिने नाक डावीकडे वळवलं, सावकाश, रोजची वाट असल्यासारखं. कडेला कोंड्याचा मोठा ढीग होता.

"कळलं, कळलं! धरा आता!" बास मागून धावत येत होता.

"मल्ली, धर ना रे!" अक्कांनी डॅशबोर्ड घट्ट पकडला.

त्याने धरलं नाही. गाडी कोंड्यात शिरली आणि गचका खाऊन बंद पडली. भुसभुस करीत कोंडा बॉनेटवर घसरला, काचेवर आला. आत अंधारलं.

तिलकसिरीचे हात अजून वरच होते.

"बघ अक्का," तो म्हणाला. "मी काही केलं नाही."