हद्दीबाहेरचा उमेदवार

कुमारच्या गाडीने पाच किलोमीटरची हद्द ओलांडली आणि मागच्या गाडीत यतिनला गुदगुल्या झाल्या.

करोनामुळे मेलबर्नला टाळं लागून दोन महिने झाले होते. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे विनाकारण जाणाऱ्याला पोलीस दंड ठोकत होते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची चुगली करायला खास नंबर होता. यतिनने तो पाठच केला होता.

सगळं होतं खुर्चीपायी. फेडरल कोर्टात अपिलं ऐकणाऱ्या न्यायमूर्तींची एक जागा रिकामी झाली होती. इथे अमेरिकेसारखा नेमणुकीचा तमाशा टीव्हीवर होत नाही. राजधानीतून, कॅनबेऱ्याहून, गुपचूप फोन फिरतात, माणूस कसा आहे याची चौकशी होते, कॅबिनेट मान डोलावतं आणि झाला न्यायमूर्ती. मात्र माणूस धुतल्या तांदळासारखा हवा. मागे म्हणे एकाचं नाव नुसत्या सिग्नल तोडण्यावरून गळालं होतं.

यतिन आणि कुमार पुण्याहून एकाच विमानाने शिकायला आले, एकाच खोलीत मॅगीवर जगले, एकाच वर्षी बॅरिस्टर झाले. त्या खुर्चीवर यतिनचा पाच वर्षं डोळा. आणि गेल्या आठवड्यात कुमारच्या बायकोने, विनिताने, यतिनच्या तेजश्रीला सहज सांगितलं, की कॅनबेऱ्याहून कुमारला फोन आला होता. चांगला तासभर. दार लावून बोलला, आणि विचारलं तर म्हणाला, गुपित आहे.

यतिनला दोन दिवस घास गिळवेना.

त्यावर कडी म्हणजे खुद्द कुमारचा फोन. तुझ्या त्या डार्विन शहरातल्या अपिलाचा निकाल कुठल्या वर्षीचा रे? आणि निर्वासितांचे खटले फुकट लढलास, ते किती? यतिनने दात-ओठ खात सांगितलं. फोन ठेवून तेजश्रीला म्हणाला, "माझीच पिसं खोचून मोर व्हायला निघालाय."

तेजश्री म्हणाली, मित्राचं भलं होतंय तर होऊ दे की. आणि विनिता दारात ठेवून गेलेला ताजा कढीपत्ता निवडायला बसली. कुमार दर रविवारी डँडेनॉन्गहून आणतो म्हणे.

यतिनने एक काडी उचलून नाकाशी धरली. डँडेनॉन्ग म्हणजे चांगले बारा किलोमीटर.

तर असा हा पाठलाग. यतिन स्वतःही हद्दीबाहेर होता हे खरं, पण गुन्हेगाराचा माग काढणं हे नागरिकाचं कर्तव्यच, असा युक्तिवाद त्याने तयार ठेवला होता. वकीलच तो.

डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवर कुमारने दुकानातून पिशवी घेतली आणि गल्लीतल्या एका जुनाट घरात शिरला. यतिनने चुगलीचा नंबर फिरवला. स्वतःचं नाव सांगितलं नाही. कुमारच्या गाडीचा नंबर मात्र तीनदा सांगितला. मग सीटवर खाली सरकून मजा बघत बसला.

वीस मिनिटांत पोलिसांची गाडी आली. कॉन्स्टेबलबाईंनी दार वाजवलं. ओल्या बाह्या वर सारलेला कुमार बाहेर आला आणि त्याने खिशातून डॉक्टरांचं पत्र काढलं. घरात ओळखीतले ऐंशी वर्षांचे आजारी प्रतापकाका एकटे होते. कुमार त्यांना आंघोळ घालायला आणि औषधं द्यायला येत होता. आजाऱ्याच्या सेवेला हद्द नव्हती. बाई 'नो वरीज' म्हणाल्या, वळल्या, आणि त्यांना समोरच्या गाडीत एक अर्धं डोकं दिसलं.

बाईंनी मागितलेल्या लायसन्सवर बारा किलोमीटरपलीकडचा पत्ता होता. तुम्ही इथे कशाला आलात, असं बाईंनी विचारलं. यतिनचा युक्तिवाद ओठांवर आला, पण तेवढ्यात कुमार त्याला ओळखून रस्ता ओलांडून आला होता. आता चुगली मीच केली, हे त्याच्यादेखत सांगणार कसं?

"समोसे," यतिन म्हणाला. "समोसे घ्यायला आलो होतो."

बाई दंड लिहायला लागल्या.

कुमारचा चेहरा पांढराफटक पडला. यतिनला आधी नवल वाटलं, मग रागच आला. "दंड मला झालाय. तुझं तोंड का उतरलं?"

कुमार फुटपाथच्या कडेला मटकन बसला. "यत्या, कॅनबेऱ्याच्या त्या माणसाला मी तासभर शपथेवर सांगितलं रे, की हा गडी नियम सोडून बोटभरही हलायचा नाही. उद्या कॅबिनेटपुढे तुझं नाव जाणार होतं."