खोट नसलेली गाडी

लोहचुंबक पुन्हा चिकटलं. उस्तादांनी ते सोडवून गाडीच्या दाराच्या खालच्या पट्टीवर लावलं. तिथंही चिकटलं. पत्रा सडला की लोक वरून पुट्टी भरतात आणि रंग मारून मोकळे होतात. पुट्टीवर लोहचुंबक धरत नाही, घसरून पडतं. जुन्या गाड्यांची सोंगं उस्ताद अशीच उघडी पाडायचे. पण आज ते मेलं कुठंच घसरायला तयार नव्हतं.

गाडी होती दोन सीटची, कापडी टपाची, गडद निळी. मालकिणीच्या वडिलांची. वडील गेले आणि तिला आता गॅरेजची जागा रिकामी हवी होती, म्हणून किंमत अशी सांगितली होती की चष्मेवाल्यांच्या बेताच्या बजेटात सुखानं बसावी. सावकाश बघा म्हणाली आणि काहीतरी शोधायला घरात निघून गेली.

ही सगळी खटपट चष्मेवाल्यांसाठी. जन्मभर त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं. बायको गेल्यावर ते विकलं आणि तरुणपणापासून मनात घर करून बसलेली जुनी स्पोर्ट्स गाडी घ्यायचं ठरवलं. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून दर रविवारी ते उस्तादांना बरोबर घेऊन निघायचे. बसमध्ये खिडकी कुणाची यावरून दोघांची जुंपायची. दुपारी कुठल्यातरी कट्ट्यावर एकाच डब्यातून जेवण व्हायचं. आणि चष्मेवाले तरी किती चिकित्सक! लाल गाडी भडक, पांढरी फार मळणार, आणि हिरवी बघून तर म्हणाले, डोळ्यांचा धंदा केलेल्या माणसानं असला रंग घेतला तर लोक तोंडात शेण घालतील. रंगात काही निघालं नाही, तर उस्तादांना इंजिनात नाहीतर पत्र्यात काहीतरी सापडायचंच. आजवर सापडलेलं सगळं खरं होतं. त्यासाठी उस्ताद मनातल्या मनात देवाचे आभार मानायचे.

कारण सोमवार उजाडला की त्यांना काही काम नसायचं. त्यांचं गॅरेज आता मुलगा चालवत होता. मुलगा वाईट नव्हता. बाबा, तुम्ही आता आराम करा, एवढंच म्हणाला होता. उस्ताद गॅरेजच्या वरच्या खोलीत बसून खालचे आवाज ऐकायचे. कुठला नट आटे मोडून फिरतोय, कुणी पाना चुकीचा लावलाय, सगळं वर बसून कळायचं. पण हाक कुणी मारायचं नाही. शनिवारी संध्याकाळी ते लोहचुंबक पुसून पिशवीत ठेवायचे आणि मग कुठं जरा बरं वाटायचं.

आता त्यांनी जमिनीवर पोतं अंथरलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. चॅसिसवर गंजाचा ठिपका नाही. तेलाचा डाग नाही. एकेक बोल्ट कुणीतरी मायेनं पुसलेला. उस्ताद उताणे पडून बघत राहिले. इतकी सुंदर गाडी त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती, आणि तरी टॉर्च फिरवून ते पुन्हा खोट शोधायला लागले.

चांगल्या गाडीला मिस्त्री लागत नाही. चष्मेवाले ही घेतील, टप उघडून घाटात जातील, शेजारच्या सीटवर कुणी नातलग बसवतील. मिस्त्रीला कोण विचारतो?

कडेला त्यांना चष्मेवाल्यांचे बूट तेवढे दिसत होते. पॉलिश केलेले, तपकिरी. सारखे जागच्या जागी चुळबुळत होते. माणूस उतावीळ झालाय, उस्तादांना वाटलं.

खोटं बोलायचं तर दोन शब्द पुरले असते. चॅसिसला तडा. चष्मेवाल्यांनी वाकूनसुद्धा पाहिलं नसतं, उस्तादांच्या शब्दावर त्यांचा इतका भरवसा. ते दोन शब्द अगदी जिभेवर आले. पण गाडीबद्दल उस्ताद आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. गिऱ्हाइकाशी नाही, दलालाशी नाही. आता उतारवयात, एका रविवारासाठी, ती अब्रू मातीत घालायची? त्यांनी टॉर्च बंद केला. मग बाहेर आले. हात पुसले. घसा खाकरला.

"साहेब, गाडीत खोट नाही. डोळे झाकून घ्या."

एवढं बोलून त्यांना एकदम थकल्यासारखं झालं. चष्मेवाले उड्या मारतील असं त्यांना वाटलं होतं. पण गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली. रंगाबद्दल बोलायची सोय नव्हती, निळा त्यांचाच आवडता. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला.

"नको हो उस्ताद," ते शेवटी म्हणाले. "इंजिन टकटक करतंय. मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढच्या रविवारी दुसरी बघू."

उस्तादांनी खाली वाकून पोतं उचललं आणि झटकून घडी घातली.

"हो," ते म्हणाले. "मलाही आला आवाज."

तेवढ्यात मालकीण लगबगीनं पायऱ्या उतरून आली.

"सापडली बाई एकदाची किल्ली! घ्या, आता इंजिन सुरू करा, म्हणजे आवाज तरी कळेल."