शाळेची तयारी

सारिका दारात बसून बाजाराची भेंडी निवडत होती. आत तिची निकिता धाकट्या माऊलीची शाळा घेत होती. सोमवारपासून तोही ताईबरोबर गाडीत बसून बारामतीच्या शाळेत जाणार होता.

"म्हण, माझ्याकडे पुस्तक आहे."

"माझ्याकडं पुस्तक हाय."

सारिकाला हसू आलं. निकिताही गेल्या साली अशीच बोलत त्या शाळेत गेली होती. दोन महिन्यांत तिची भाषा पार बदलली, आणि बडबड तर बंदच झाली. सारिका अख्ख्या अंथुर्णे गावात कौतुकानं सांगत फिरायची, "लई शांत झाली बघा आमची निकी. शाळेनं वळण लावलं."

तेवढ्यात आतून निकिताचं खदाखदा हसणं ऐकू आलं. "हाय म्हणतोय, हाय! शेणातनं उठून आलाय!" पाठोपाठ माऊलीनं भोकाड पसरलं.

सारिका हातातली भेंडी टाकून तरातरा आत गेली. "निके, लाज न्हाय वाटत? बारक्याला रडवतीस व्हय?"

निकितानं ओढणीच्या टोकानं भावाचे डोळे पुसले. आईकडं न बघताच ती म्हणाली, "रडला की मी थांबते तरी, आई. तितं कुणी थांबत न्हाय."

मग तिनं माऊलीची हनुवटी वर केली.

"चल, परत म्हण. मी परत हसणार. रडायचं न्हाय."