तंबोऱ्यावरची करंगळी

संपादक, तुम्ही शरयूच्या घरात घाण पाठवली आहे.

दीक्षितपुऱ्यात शरयू गाणं शिकवते. तुमचं संगीताचं मासिक आलं की मुखपृष्ठ मुलींपुढे ठेवून ती विचारते, बाईची बैठक बरोबर आहे का, तंबोरा नीट धरलाय का. मागच्या अंकावर गायिकेची पाचही बोटं जागच्या जागी होती. पण तारांवर आणखी एक बोट होतं. पुरुषाची करंगळी, पांढरट, फुगलेली. नखाला उभी चीर आणि चिरेत पिवळी बारूद.

अशी करंगळी तिच्या नवऱ्याची, मुरलीधरची. तो कारखान्यात तोफगोळे भरतो.

"चितारी ढोसून बसला असंल," तो हसला. "तू काहून घाबरून राहिली?"

आठवड्याभरात यंत्रानं त्याची करंगळी नेली. शरयूनं अंक चुलीत घातला, तर चरबी जळल्याचा वास सुटला. ती मोरीत जाऊन भडाभडा ओकली.

आज नवा अंक आला. तंबोऱ्यावर मनगटापासून तुटलेला पंजा आहे, ओला, मांस लोंबणारा. त्याला करंगळी नाही. उरलेली बोटं तारा छेडतायत.

एकाहत्तर साल, लढाई तोंडावर, रजा कोण देतो? मुरलीधर पट्टी बांधलेल्या हातात डबा घेऊन निघाला.

"सरक ना, भोंगा झाला!"

शरयू दाराला पाठ लावून उभी आहे. पंजा कोणाचा, हे ती विचारत नाही. पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ तुमच्याकडे तयार असेल. त्यावर काय काढलंय? बोला!