आज लाटा नाहीत

'आज लाटा नाहीत,' त्याने किनाऱ्यावरच्या फळ्यावर लिहिलं. दोन पावलं मागे सरून पाहिलं. मन भरेना. पुन्हा पुढे होऊन खाली आणखी एक ओळ लिहिली, 'उद्याही शक्यता कमी.' एक सरळ रेघ ओढली आणि बोटांवरचा खडू झटकला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. समोर समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत पडला होता.

घरी वरच्या खोलीतला संगणक मात्र वेगळंच सांगत होता. लांबच्या वादळाने उठवलेल्या लाटा साडेआठच्या सुमाराला किनाऱ्याला लागणार होत्या. अडीच मीटर उंच. वारा फिरणार होता, आणि धक्क्याजवळ पाण्याला अशी ओढ लागणार होती की पट्टीचा पोहणाराही परत येणार नाही. हवामानाचे अंदाज बांधण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. हा अंदाज चुकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो खोटं लिहीत होता.

किनारा मोठा बेभरवशाचा. पाण्याखालची वाळू सारखी जागा बदलायची. दहातले आठ दिवस पाणी हलायचंसुद्धा नाही. इथल्या लाटांना सगळे 'जावई' म्हणत; येतील तेव्हा येतील, आणि आल्या तरी कधी रुसून निघून जातील याचा नेम नाही. त्यामुळे सर्फिंग करणारी पोरं समुद्र बघून घराबाहेर पडतच नसत. आधी फळा बघत. पहाटे फिरायला येणारं कोणीतरी त्याचा फोटो काढायचं आणि पाच मिनिटांत तो सगळ्यांच्या फोनवर जायचा.

त्या पोरांत त्याची मुलगी होती. एकुलती एक, एकोणीस वर्षांची, आणि बापाचं न ऐकण्यात पटाईत. गेल्या वर्षी तिचाच बोर्ड उलटून तिच्या कपाळावर आदळला. सात टाके पडले. टाके घालताना तिचं डोकं त्यानेच धरलं होतं. तेव्हापासून मोठ्या लाटांचा अंदाज आला की तो तिला अडवायचा. समजावून झालं, रागावून झालं, अबोला धरून झाला. मग एक दिवस हातून खोटं लिहिलं गेलं. आजचं पाचवं. लिहून झालं की तो साडेसहाची बस धरून शहरातल्या कार्यालयात जायचा, आणि पोरगी आता वर्गात बसली असेल, असं दिवसभर स्वतःला सांगत राहायचा.

आज अर्ध्या वाटेत त्याचा हात खिशावर गेला. चष्मा फळ्याच्या कडेवरच राहिला होता. चरफडत तो पुढच्या थांब्यावर उतरला आणि उलटा फिरला.

आठ वाजता तो किनाऱ्यावर पोचला. वीस-पंचवीस जण जमले होते. कोणी बोर्डाला मेण घासत होतं, कोणी हातपाय मोकळे करत होतं. सात-आठ जण तर आत जाऊन सपाट पाण्यावर बोर्ड टाकून वाट बघत बसले होते. जीवरक्षकाची उंच खुर्ची रिकामी होती. असणारच. फळ्यावर लाटा नसल्या की जीवरक्षक पलीकडच्या किनाऱ्यावर जायचा. नियमच तसा होता, आणि तो सुचवला होता त्यानेच.

"आज एवढी गर्दी कशी?" त्याने फळ्याशेजारच्या उपाहारगृहाच्या मालकीणबाईंना विचारलं.

"मला काय विचारता, साहेब? तुम्ही लाटा नाहीत म्हणून लिहिता आणि ही मंडळी अंथरुणं टाकून धावत येतात. रोज नाही हं. अधूनमधून. ही चौथी-पाचवी वेळ असेल."

त्याने जीवरक्षकाला फोन लावला. दहा मिनिटं लागतील, तो म्हणाला. तेवढ्यात त्याला मुलगी दिसली. गुडघाभर पाण्यात, काखेत बोर्ड. बापाला बघून तिने जीभ चावली.

"बाहेर ये!" तो ओरडला. "सगळ्यांना बाहेर बोलाव. मोठ्या लाटा येतायत. वाहून जाल!"

"बाबा, वाहून कसले जातोय! मला घरी न्यायचंय, म्हणून घाबरवताय ना?"

तिच्या मागे दोघं-तिघं फिदीफिदी हसले. त्यांच्या डोक्यांवरून त्याला लांब क्षितिजाशी एक काळी रेघ दिसली. रेघ हलत होती.

तो फळ्याकडे धावला. शर्टाच्या बाहीने सगळं पुसलं. लिहायला घेतलं तर खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने त्याने तसंच रेटलं: 'लाटा मोठ्या. धक्क्याजवळ ओढ. कोणी उतरू नका.' ओळ तिरकी उतरली, काने-मात्रे भलतीकडे गेले. नुसते कोंबडीचे पाय, रोजच्यासारखे.

धापा टाकत मुलगी मागे येऊन उभी राहिली. तिने फळा वाचला आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू पार उतरलं. दोन बोटं तोंडात घालून तिने कर्कश शिटी मारली.

"बाहेर! सगळे बाहेर! आज खरं लिहिलंय!"

कोणी एकही प्रश्न विचारला नाही. आतले आडवे होऊन हातांनी पाणी मारत निघाले. शेवटचा वाळूला लागला आणि मागे पहिली लाट धक्क्यावर फुटली. तुषार फळ्यापर्यंत आले.

त्याने पोरीचे दोन्ही खांदे धरले. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

"मी घसा फोडून सांगत होतो तेव्हा हसलीस. आणि हे वाचून लगेच कशी खात्री पटली?"

"खोटं लिहिता तेव्हा तुमचं अक्षर फार सुंदर येतं, बाबा."